अल्बिनो कॅटफिश म्हणून आणलेले तीन पांढरे मासे : कोण कोणता, कसं ओळखायचं?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा. घरी अडीच फुटी टँक आहे, त्यात गप्पी, मॉली आणि थोडे निऑन टेट्रा. तळातलं उरलंसुरलं खाणारं कुणीतरी हवं म्हणून इथल्याच एका दुकानातून तीन 'अल्बिनो कॅटफिश' आणले. तिन्ही एकाच टबात, बोटाएवढे, पांढरट गुलाबी, लाल डोळ्यांचे, भावही एकच. वेगवेगळे दिसतायत का हो, असं विचारलं तर दुकानदारकाका म्हणाले, "बधा एक ज छे, मोटा थशे त्यारे खबर पडशे," (सगळे एकच आहेत, मोठे झाले की कळेल) आणि पिशवीला रबर लावलं.

घरी आल्यावर तिघांची तीन तऱ्हा. एक दिवसभर वाळूत तोंड खुपसून असतो. दुसरा काचेला धरून इकडून तिकडे पळतो, खोलीतला दिवा लावला की जिकडे तिकडे धडकतो. तिसरा लाकडाखाली लपलेला, रात्री दिवे बंद झाले की बाहेर. आणि टेट्रा कमी होतायत. मेलेला एकही सापडला नाही. आईचा संशय शेजारच्या मांजरावर आहे, पण टँकवर झाकण आहे.

हे तिघे खरंच एक आहेत का? आणि टेट्रा कोण खातंय?

सुरसागरची_चिंगी
फोटो टाका, फोटोशिवाय धागा फाऊल! बाकी मांजराची बदनामी थांबवा.

मिशाळ
फोटो नंतर टाकलात तरी चालेल, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. एक सांगून ठेवतो, रंग आणि डोळे विसरून जा. मासे आपण एरवी रंगावरून ओळखतो. ब्राँझ कोरीचा (कोरी म्हणजे कोरीडोरास, तळाशी राहणारा छोटा कॅटफिश) हिरवट तांबूस रंग, पेपर्ड कोरीचे काळे डाग, मांगुराचा राखाडी काळपटपणा. अल्बिनोमध्ये नेमकं तेच पुसलं जातं आणि सगळे एकाच पांढऱ्या गुलाबी रंगात येतात. दुकानात ते एका टबात जातात ते त्यामुळेच. आता शरीराची ठेवण तेवढी उरते.

तर प्रत्येक माशाचं वेगवेगळं सांगा. पाठीवरचा पर केवढा, आखूड की लांब? त्याच्यामागे, शेपटीच्या जरा आधी, आणखी एक छोटा पर आहे का? शेपूट मधे चिरलेली की गोल? मिशा किती आणि केवढ्या? तोंड खाली की पुढे? अंगावर खवले, पट्ट्या, की गुळगुळीत?

बघताना वरून टॉर्च मारू नका, बाजूने आडवा धरा. पांढऱ्या माशाचे पर पारदर्शक असतात, समोरून उजेड पडला की दिसेनासे होतात. मागे काळा कागद लावलात तर आणखी बरं.

दांडियाबाजारकर
काळ्या कागदाची युक्ती जबरदस्त, मिशाळकाका. इतके दिवस जे दिसलं नव्हतं ते दिसलं.

पहिला, वाळूत खेळणारा : आखूड, पोट सपाट, पाठ वर फुगीर. पाठीवर एक त्रिकोणी पर, मागे आणखी एक अगदी बारका. शेपूट चिरलेली. मिशा आखूड, तोंडाखाली झुकलेल्या. अंगावर उभ्या बारीक रेघा आहेत, वरची ओळ आणि खालची ओळ कुशीच्या मधोमध जुळते. आणि शप्पथ सांगतो, तो डोळा मारतो!

दुसरा, पळणारा : लांबट, चपटा, चंदेरी गुलाबी. पाठीवर उंच टोकदार पर, मागे एक छोटा मांसल पर. शेपूट खोल चिरलेली. मिशा दोन वरती, दोन खाली, फार लांब नाहीत. डोळा मोठा आणि पार खाली, जवळजवळ तोंडाच्या कोपऱ्याच्या रेषेत.

तिसरा, लपणारा : डोकं रुंद आणि चपटं, मागे अंग निमुळतं. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच पर, रिबीन शिवल्यासारखा. पोटाखालीही तसाच लांब. मागचा छोटा पर नाही. शेपूट गोल. मिशा आठ, भल्या लांब. अंग गुळगुळीत, बुळबुळीत.

मिशाळ
वा, इतकं नेमकं वर्णन केलंत की फोटो नसला तरी अडत नाही.

पहिला कोरीडोरास. बहुधा ब्राँझ कोरीचा अल्बिनो, बाजारात सर्वात जास्त तोच येतो. तुम्हाला ज्या रेघा दिसल्या त्या हाडांच्या पट्ट्यांच्या कडा. कोरीला खवले नसतात, दोन्ही कुशींवर पट्ट्यांच्या दोन ओळी असतात. मागच्या बारक्या पराच्या पुढे एक काटाही असतो. डोळा मारतो म्हणजे बुबुळ खाली फिरवतो, पापणी नाही. कोरीत हे नेहमीचं आहे. दक्षिण अमेरिकेतला मासा, मोठा होऊन सहा-सात सेंटिमीटर, गरीब स्वभावाचा. एकटा ठेवू नका, किमान पाच-सहा हवेत.

तिसरा मांगूर. क्लॅरियस. टेट्रा कोण खातंय हे वेगळं सांगायला नको. हा निशाचर आहे, वासावर आणि मिशांवर शिकार करतो, तोंडात मावेल ते गिळतो. मेलेला मासा सापडत नाही कारण मागे काही उरतच नाही. बोटाएवढा आहे म्हणून फसू नका, फुटापर्यंत सहज जातो, त्याहूनही वाढतो.

कोरी की मांगूर एवढाच प्रश्न असेल तर शेपूट बघा. चिरलेली असेल तर कोरी, गोल असेल तर मांगूर. दुकानात पिशवी हातात धरूनसुद्धा दोन सेकंदांत कळतं. बाकी सगळं मागाहून.

दुसऱ्यावर मला वाटतं तो पंगास आहे, पण इथे शार्कवाले मंडळी बसलेत, त्यांना बोलू दे.

मांडवीचा_मासेवाला
आलोच. (दुकान नाही हो माझं, फक्त छंद आहे. नावावरून फोन नंबर मागू नका.)

बडोद्यात, अहमदाबादेत 'अल्बिनो शार्क' म्हणून दोन अगदी वेगळे मासे विकतात आणि लोक दर वेळी गोंधळतात. पैकी एक पंगास, ज्याला इरिडेसंट शार्क म्हणतात, तो खरा कॅटफिश. दुसरा अल्बिनो रेनबो शार्क, तो रोहू-कटल्याच्या कुळातला, कॅटफिश नाहीच. त्याला खवले असतात, मागचा छोटा मांसल पर नसतो, पर लालसर केशरी असतात, तोंड खाली, काचेवरचं शेवाळ खरवडत फिरतो आणि स्वतःचा कोपरा धरून बाकीच्यांना हाकलतो. मोठा झाला तरी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास.

तुमच्याकडच्याला मांसल पर आहे, मिशा चार, डोळा खाली, घाबरून पळतो. पंगास. शंभर टक्के.

दांडियाबाजारकर
म्हणजे हा किती वाढेल?

मांडवीचा_मासेवाला
बसून वाचा. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला, कमाल लांबी १३० सेंटिमीटर नोंदलेली आहे. आंध्रात तळ्यांमध्ये याची प्रचंड शेती होते. हॉटेलात 'बासा' म्हणून जो बिनकाट्याचा तुकडा येतो तो बहुतेक वेळा हाच. थोडक्यात, तुम्ही टेट्राच्या टँकमध्ये कुणाचं तरी जेवण पाळताय.

सुरसागरची_चिंगी
अगागागा.

अलकापुरीतला_सहाफुटी
इतकं घाबरवू नका त्यांना. माझ्याकडे सहा फुटी टँकमध्ये एक पंगास कैक वर्षं आहे, दीड फुटाच्या आत आहे, मजेत आहे. मासा टँकच्या मापानेच वाढतो.

मिशाळ
इथे मात्र मी भांडणार. मासा टँकच्या मापाने वाढतो हे दुकानात ऐकायला मिळतं आणि तिथेच राहिलं तर बरं. लहान जागेत, खराब पाण्यात मासा खुंटतो हे खरं, पण खुंटणं म्हणजे मजेत असणं नव्हे. पाठीचा कणा वाकतो, आयुष्य कमी होतं. पंगास झुंडीत राहणारा, सतत पोहणारा मासा, एकटा राहिला की भेदरट होतो. तुमचा सहा फुटी आहे, फिल्टर दणकट असेल, नीट बघत असाल, मान्य. पण अडीच फुटीवाल्याला तुमचं उदाहरण देऊ नका.

अलकापुरीतला_सहाफुटी
दणकट म्हणजे? दोन कॅनिस्टर आहेत, रविवारी पाणी बदलतो. आणि भेदरट म्हणाल तर हो, पहिली काही महिने थोबाड फोडून घ्यायचा, नाक पांढरं पडायचं. आता दिवा लावण्याआधी खोलीचे पडदे उघडतो, मग नाही धडकत. अडीच फुटीवाल्याबद्दल सहमत, तिथे नको.

प्राणीशास्त्रवाली
छान धागा. थोडं शास्त्र घालते, कंटाळा आला तर पुढे जा.

अल्बिनो म्हणजे शरीर काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, बनवू शकत नाही. त्यामुळे बुबुळामागचं रक्त दिसून डोळा गुलाबी-लाल वाटतो. पांढरा मासा पण डोळे काळे असतील तर तो अल्बिनो नाही, रंगपेशींतली दुसरी कमतरता आहे, किंवा नुसता फिकट वाण आहे. 'गोल्डन' म्हणून येणारे बरेच मासे असे असतात. डोळा बघताना मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा, फ्लॅशमध्ये चांगल्या काळ्या डोळ्याच्या माशाचाही डोळा चमकतो आणि इथे फोटो टाकून लोक वाद घालत बसतात.

मेलॅनिनशिवाय डोळ्याला तेज उजेड सोसत नाही, म्हणून अल्बिनो मासा पाण्यातली झाडं, लाकूड, मडक्याचा तुकडा शोधत बसतो. पंगासच्या धडकण्यात त्याच्या स्वभावाबरोबर हेही असावं.

नावांचं सांगायचं तर २०२४ मध्ये कोरीडोरासच्या मोठ्या वंशाची वाटणी झाली. ब्राँझ कोरी आता ऑस्टिओगॅस्टरमध्ये, पेपर्ड कोरी हॉप्लिसोमामध्ये. दुकानातली पाटी बदलायला मात्र आणखी दहा वर्षं जातील. पेपर्डचं वर्णन जेनिन्सने १८४२ मध्ये केलं, डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या माशांवरून. ब्राँझचं गिलने १८५८ मध्ये केलं, त्रिनिदादच्या माशांवरून.

मांगुराबाबत : जुनं नाव क्लॅरियस बॅट्रॅकस. भारतातल्या मांगुराला आता बरेच अभ्यासक क्लॅरियस मागुर म्हणतात, हॅमिल्टनने १८२२ मध्ये दिलेलं नाव. बाजारातला पांढरा मांगूर आग्नेय आशियातून वाढवून येतो. शिवाय आफ्रिकन मांगूर, ज्याला आपल्याकडे थाई मांगूर म्हणतात, त्याचेही पांढरे असतात आणि तो भारतात वाढवायला बंदी आहे. हे लहानपणी वेगळे करणं अवघड. डोक्यामागच्या हाडाच्या आकारावरून ठरवतात, ते टँकच्या काचेतून नीट दिसत नाही. मी बोटाएवढ्या पिल्लाचा फोटो बघून कधीच सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका.

राजवाडा_इंदूर
धागाकर्ते, तुमच्या धाग्यावर माझा प्रश्न घुसवतोय, क्षमा करा. आमच्या इंदूरला अल्बिनो कोरी भरपूर येतात, पण ब्राँझचा अल्बिनो आणि पेपर्डचा अल्बिनो यांत फरक कसा करायचा? दुकानदार एकाच नावाने विकतो. गट पूर्ण करायचाय आणि एकाच जातीचे हवेत.

मिशाळ
अहो, हा प्रश्न सगळ्यात कठीण आहे, त्या तीन पाहुण्यांपेक्षा कठीण. ठोकताळा असा. ब्राँझ जरा दणकट, पाठीवर गोलसर उंचवटा. पेपर्ड किंचित लांबट आणि हलका. पूर्ण वाढलेला नर असेल तर पाठीवरचा पर बघा. पेपर्डच्या नराचा पर उंच आणि टोकदार असतो, ब्राँझच्या नराचा तितका नाही. मादी आणि पिल्लं असतील तर मी पैज लावणार नाही.

दुसरा अंदाज पाण्याच्या तापमानावरून. पेपर्ड दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या थंड पट्ट्यातला, विशीच्या आसपासच्या पाण्यात रमतो. ब्राँझ जास्त उष्ण पाणी सोसतो. आपल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी कुणी न विचारता तिशीच्या वर जातं. तेव्हा जे आधी मलूल होतील ते बहुधा पेपर्ड. पण ओळख पटवण्यासाठी मासे तापवायचे नाहीत, हे लिहून ठेवतो, कारण इथे सगळे प्रयोगशील आहेत.

राजवाडा_इंदूर
हा हा. धन्यवाद. एक शंका, माझे कोरी पाण्याच्या वर येऊन हवा गिळतात. पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर कुणी म्हणालं हे मांगुराचं लक्षण, कोरी असं करत नाही.

प्राणीशास्त्रवाली
चूक. दोघेही वर येतात. कोरी हवा गिळतो, ती आतड्याच्या मागच्या भागात शोषली जाते. मांगुराच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा वेगळा अवयव असतो, तो तिथून श्वास घेतो. वर येण्यावरून जात ठरत नाही. मात्र कोरी सारखेच वर येऊ लागले तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय, एअर पंप बघा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी हे जास्त दिसेल.

शाळेची_आई_वडसर
मला पण विचारू दे. मुलाने वाढदिवसाला 'पांढरा सकर' घेतला, काचेला चिकटतो. दुकानात अगदी तसेच दोन होते, एक स्वस्त, एक महाग. स्वस्त आणला. तोही कॅटफिश का? आणि मोठा होईल का हो?

मांडवीचा_मासेवाला
ताई, तोंड खाली चकतीसारखं आणि अंगावर कडक हाडांचं चिलखत असेल तर हो, प्लेको, कॅटफिशच. आता दोन जाती. अँसिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज, १० ते १५ सेंटिमीटर. आणि सेलफिन प्लेको, ३० सेंटिमीटरच्या पुढे. दोघांचेही अल्बिनो मिळतात, आणि बाळपणी दोघे सारखेच गोंडस.

फरक पाठीवरच्या परात. तो उभा असताना मोबाईलवर मोठा करून आधाराच्या काड्या मोजा. ब्रिसलनोजला पुढचा काटा सोडून साधारण सात काड्या. सेलफिनला दहा किंवा जास्त, आणि पर उघडला की पाठीवर शिडासारखा उभा राहतो. ब्रिसलनोजच्या नराच्या नाकावर मांसल दोऱ्या येतात, पण त्या मोठेपणी. पिल्लाला दोऱ्या नाहीत म्हणून तो ब्रिसलनोज नाही असं म्हणू नका, मादीलाही बहुधा नसतात.

भावावरून : आपल्याकडे स्वस्त सकर जवळजवळ नेहमी सेलफिन निघतो.

शाळेची_आई_वडसर
मोजल्या. दोनदा. बारा.

सुरसागरची_चिंगी
ओह.

मांडवीचा_मासेवाला
सेलफिन. आता घाई नाही, लहान आहे. पण वर्षभरात चार फुटी टँक किंवा नवीन घर शोधायला लागेल. आणि याचबरोबर सोनेरी पिवळा 'गोल्डन सकर' कुणी दिला तर तो चायनीज अल्गी ईटर, कॅटफिश नाही, डोळे काळे असतात, मोठेपणी मोठ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांची बुळबुळ खातो. घेऊ नका.

वारसियाचा_बाब्या
सगळ्यांनी एवढा विचार का करायचा? मोठा झाला की विश्वामित्री नदीत सोडा. मासा सुखी, आपण सुखी. मगरींनाही नाश्ता.

प्राणीशास्त्रवाली
बाब्या, गंमत म्हणून लिहिलं असशील तर ठीक, पण हा धागा कुणी शोधून वाचेल म्हणून उत्तर देते. सोडू नका. विश्वामित्री असो, सुरसागर असो, आजवा असो.

सेलफिन प्लेको भारतातल्या अनेक नद्यांत, तळ्यांत असाच कुणी कुणी सोडून पसरला. कडक चिलखतामुळे त्याला खाणारे कमी, आणि जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळं फाडतो. मच्छीमार वैतागलेत.

मांगुराची गोष्ट त्याहून भारी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये थायलंडहून आणलेले मांगूर निसटले आणि पावसात रस्ते ओलांडत पसरले. आपल्या टँकमधल्यासारखे पांढरेच होते ते बऱ्याच अंशी. आज तिथे पांढरे क्वचित दिसतात, गडद रंगाचेच सर्वत्र. पांढरा मासा उथळ पाण्यात बगळ्याला लांबूनच दिसतो, आधी तेच संपले. म्हणजे तू सोडलेला पांढरा मगरीला नाश्ता होईलही, पण गडद रंगाची पिल्लं मागे ठेवून.

वारसियाचा_बाब्या
दंडवत ताई. गंमतच होती. २०२४ च्या पुरात मात्र आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा कुणाकुणाचे टँक नक्कीच वाहून गेले असणार.

प्राणीशास्त्रवाली
म्हणून तर म्हणते. नदी दारात येणाऱ्या शहरात राहतो आपण. तळमजल्यावर मांगूर, सेलफिन नको.

दांडियाबाजारकर
सर्वांचे आभार. मांगूर आणि पंगास दोन्ही वेगळ्या टबात काढले. गप्पी आता बाहेर येऊन पोहायला लागल्यात, आई मांजराला दूध घालते आहे.

दोन प्रश्न. मांगूर काढताना जाळीत असा अडकला की सुटेना. छातीजवळच्या परात काटा आहे का? आणि पांढरा 'शिंगी' म्हणून एक मासा कुणीतरी दाखवला, तोही असाच लांब. तो कसा ओळखायचा?

मिशाळ
काटा आहे, दोन्ही बाजूंना. मांगुराला, कोरीला, पंगासला, सगळ्यांना. कोरी तर काटा ताठ करून जाळीत अडकवून घेतो, ओढलात तर मोडतो. जाळी पाण्यातच उलटी करून थोडी वाट बघायची, स्वतः सुटतो. नाहीतर जाळी न वापरता प्लॅस्टिकच्या वाडग्याने काढा, मी तेच करतो.

शिंगी, हेटेरोन्यूस्टीस. अंग मांगुरासारखंच लांब, मिशा आठ, पोटाखालचा पर लांब. पण पाठीवरचा पर अगदी आखूड, नखभर. मांगुराला पाठभर, शिंगीला नखभर, बस. पांढरा शिंगी क्वचित येतो. पण त्याचा छातीचा काटा विषारी आहे, फार ठणकतं. बोचलंच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे जा. मुलांच्या टँकमध्ये शिंगी नको, मग तो पांढरा असो की काळा.

राजवाडा_इंदूर
अवांतर : आमच्याकडे अल्बिनो कोरी गुलाबी, निळे, हिरवे पट्टे असलेलेही विकायला येतात. कुठली जात?

मांडवीचा_मासेवाला
कुठलीच नाही. अल्बिनो कोरीला सुईने रंग टोचतात. पांढरा मासा त्यासाठी सोयीचा पडतो. काही महिन्यांत रंग फिका पडतो, बरेच मासे टोचल्यावर मरतात. मी अशा दुकानातून काही घेत नाही, साधा फिल्टरसुद्धा नाही.

राजवाडा_इंदूर
कळलं. घेणार नाही.

सुरसागरची_चिंगी
अल्बिनो कोरीपासून अल्बिनोच पिल्लं होतात का? माझ्याकडे एक अल्बिनो आणि दोन साधे ब्राँझ आहेत, काचेवर अंडी दिसतायत.

प्राणीशास्त्रवाली
अभिनंदन! अल्बिनोपण सुप्त गुण आहे. साधा जर पूर्ण साधा असेल, आजी-आजोबांत अल्बिनो नसेल, तर पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं साध्या रंगाची होतील, पण गुण आत घेऊन. त्यांचं आपसांत जमलं तर साधारण चारात एक पांढरं. एक सांगते, अंडी बहुधा त्याच टँकमधले मासे खातात, कोरी स्वतःसुद्धा. काचेवरून बोटाने हलकेच सोडवून वेगळ्या डब्यात ठेवा, एअर स्टोन लावा.

दांडियाबाजारकर
शेवटचं. टबातल्या दोघांना घर हवंय. दुकानदार परत घेत नाही, म्हणतो मोठे करून आणा. पंगास एकटा कुणाला चालेल? मांगूर कुणाला?

अलकापुरीतला_सहाफुटी
पंगास मी नेतो, माझ्याला सोबत होईल. मिशाळकाकांनी झुंडीचं सांगितल्यापासून मनात होतंच. मांगूर मात्र नाही, माझे बाकीचे मासे त्याच्या तोंडात मावतात.

मिशाळ
मांगूर माझ्या मित्राकडे जाईल, वाघोडियाला. त्याच्याकडे गच्चीत सिमेंटची टाकी आहे, आधीपासून एक मांगूर आहे, वर लोखंडी जाळी आणि जाळीवर वीट. वीट नसली तर रात्री गच्चीभर फिरतो, ओलसर राहिला तर बराच वेळ जगतो.

अलकापुरीतला_सहाफुटी
दांडियाबाजारकर, शनिवारी संध्याकाळी येतो. पिशवीत नका देऊ, काट्याने भोकं पडतात आणि गाडीची सीट भिजते, आधी एकदा भिजली आहे. झाकणाचा डबा काढून ठेवा, अर्धा पाणी, अर्धी हवा. आणि सकाळपासून खायला घालू नका, डब्यातलं पाणी घाण करतो.

दांडियाबाजारकर
ठीक. तांदळाचा मोठा डबा रिकामा करतो. आईला विचारून.

सुरसागरची_चिंगी
आईला आधी विचारा, मग रिकामा करा.